तीस मिनिटांचा हंगाम

पाऊस ओसरायला लागला, की पिंपरी-चिंचवडमधल्या शाळांत एक वाद नेमाने उभा राहतो. कबड्डीच्या संघाची बारा नावं पाठवायची असतात. अकरा ठरलेली असतात. बाराव्या जागेसाठी एक दहावीतला असतो, पाचवीपासून मैदान झाडणारा, पाणी मारणारा, एकही सराव न चुकवलेला. दुसरा नववीतला, याच वर्षी शाळेत आलेला, पण चढाईला गेला की दोन गडी बाद केल्याशिवाय परतत नाही. "सर, ह्याला पुढचं वर्ष आहेच की," असं एक बाजू म्हणते. "सर, खेळ बघा ना, इयत्ता काय बघता," असं दुसरी. सर हजेरीच्या वहीच्या मागच्या पानावर एक नाव लिहितात, खोडतात, पुन्हा लिहितात.

हा वाद जगात सगळीकडे आहे, पण कासारवाडीत त्याला वेगळा रंग चढतो. एका अंगाला पुणे-लोणावळा लोहमार्ग, दुसऱ्या अंगाला जुना मुंबई-पुणे रस्ता, टोकाला नाशिक फाट्याचा दुमजली उड्डाणपूल आणि मार्च 2022 पासून डोक्यावरून धावणारी मेट्रो, या सगळ्यांमध्ये उरलेल्या जागेत वस्ती, कारखाने आणि शाळा दाटीवाटीने बसल्या आहेत. इथे क्रिकेटच्या मैदानाची चैन परवडत नाही. कबड्डीला मात्र मोठ्यांच्या मापानेही 13 बाय 10 मीटर जागा पुरते. त्यामुळे फुगेवाडी, दापोडी, भोसरी या जुन्या गावठाणांप्रमाणे कासारवाडीतल्या शाळांनाही हा खेळ झेपतो.

आणि इथल्या पालकांचा जन्म कंपनीत जातो. संघनिवडीच्या वादात ते जे बोलतात, ते मुळात कंपनीच्या गेटवर शिकलेलं असतं. जो बाप कायम कामगार आहे, युनियनचा सभासद आहे, ज्याने दोन-तीन करार पाहिलेत, त्याच्या लेखी न्याय म्हणजे सेवाज्येष्ठता. आधी आला त्याचा हक्क आधी. 1947च्या औद्योगिक विवाद कायद्यातल्या 25-जी कलमाने हेच तत्त्व लिहून ठेवलं होतं: कपात करायची वेळ आली, तर त्या प्रकारच्या कामावर शेवटी आलेल्याला आधी काढायचं. या तत्त्वाने कितीतरी घरांच्या चुली विझू दिल्या नाहीत. मालकाच्या मर्जीवर माणूस ठेवायचा की काढायचा हे ठरणार असेल, तर आधी कोण जातं हे वेगळं सांगायला नको. तेव्हा "माझा पोरगा पाच वर्षं लायनीत आहे" असं एखादा बाप म्हणतो, तेव्हा त्याला हसू नये. त्यामागे बरंच सोसणं असतं.

पण त्याच रांगेत दुसरा बाप उभा असतो. ठेकेदाराकडे कामाला, वर्षावर्षाला कार्ड बदलणारा, शेजारच्या कायम माणसाइतकंच काम करून त्याच्या तुलनेत फारच कमी पगार घेणारा. ज्येष्ठतेची यादी त्याच्यासाठी कधी निघालीच नाही. तो म्हणतो, "काम बघा, वर्षं मोजू नका." मराठवाड्यातून किंवा उत्तर प्रदेशातून येऊन त्याने इथे भाड्याची खोली घेतलेली असते, पोरगं नववीत मधूनच शाळेत घातलेलं असतं. पाच वर्षांची हजेरी त्या पोराने आणायची कुठून?

दोघंही आपापल्या परीने खरे आहेत. तरी मला पहिल्या बापाचं म्हणणं शाळेला लागू पडत नाही असं वाटतं. कारखान्यातली ज्येष्ठता रोजी वाचवते. शाळेत वाचवायला रोजी नसते. शिवाय शाळेत सगळेच ठरलेल्या तारखेला निवृत्त होतात. दहावीच्या मुलाची ज्येष्ठता म्हणजे साठवलेला हक्क नव्हे, ती फक्त संपत आलेली मुदत आहे. मुदत संपत आली, हे त्याला जागा देण्याचं एक कारण असू शकतं, आणि मी ते मोठं कारण मानतो. पण ते हक्काचं कारण नाही. हा फरक सरांनी निवडीआधी पोरांना तोंडावर सांगितला, तर निम्मी भांडणं तिथेच मिटतील.

दुसऱ्या बापाचं "खेळ बघा" हे तत्त्व ऐकायला चोख वाटतं. त्यातही खोच आहे. तेरा ते सोळा या वयात आपण खेळ बघतो की अंग बघतो? शालेय स्पर्धांत 14, 17 आणि 19 वर्षांखालील असे गट असतात आणि वय 1 जानेवारीच्या हिशेबाने मोजतात. म्हणजे जानेवारीत जन्मलेला आणि त्याच साली डिसेंबरात जन्मलेला एकाच गटात. कागदावर दोघं समवयस्क, मैदानात अकरा महिन्यांचं अंतर. रॉजर बार्न्सली या मानसशास्त्रज्ञाने 1985 मध्ये कॅनडाच्या आईस हॉकीत हे दाखवून दिलं, की वरच्या पातळीवर पोहोचलेल्या खेळाडूंत वर्षाच्या पहिल्या महिन्यांत जन्मलेल्यांची गर्दी असते. थोराड दिसला म्हणून लहानपणी निवडला, निवडला म्हणून शिकवला, शिकवला म्हणून चांगला झाला. डिसेंबरवाला तोवर घरी बसलेला. इंग्लंडमधल्या फुटबॉल अकादम्यांनी गेल्या दशकात काही सामने वयाऐवजी शरीराच्या वाढीनुसार गट पाडून खेळवून पाहिले, ते याच कारणाने.

आपल्याकडे तर तारखेचाच भरवसा नाही. एका पिढीचा महाराष्ट्र 1 जूनला जन्मला आहे. गुरुजींनी शाळेत नाव घालताना जी तारीख टाकली ती. आता जन्मदाखले आले, तरी गावाहून मधल्या इयत्तेत आलेल्या, वर्ष-दीड वर्ष शाळा बुडालेल्या मुलांच्या बाबतीत इयत्ता आणि वय यांची सांगड अजून नीट बसत नाही. नववीतला तो नवा मुलगा दहावीतल्यापेक्षा खरोखर लहान आहे, हे कुणी तपासलं? कधीकधी वादातला 'लहान' हाच वर्षाने मोठा निघतो. वय चोरण्याच्या रोगावर राहुल द्रविड 2015च्या पतौडी व्याख्यानात कडक शब्दांत बोलला होता. पुढच्याच वर्षी क्रिकेट मंडळाने नियम केला, की 19 वर्षांखालील विश्वचषक एका खेळाडूने एकदाच खेळायचा. अनुभवी पोराला मुद्दाम बाजूला करणारा नियम. त्यामागचा हिशेब साधा होता: जो एकदा खेळला त्याने वर जावं, जागा दुसऱ्या कुणाला शिकायला मिळावी.

कबड्डीने यावर स्वतःचा एक उपाय काढला: वजनकाटा. असोसिएशनच्या किशोर गटाला वय 16 आणि वजन 55 किलो अशी दुहेरी मर्यादा आहे, शालेय स्पर्धेतही वजन करावंच लागतं. उपाय चांगला, पण त्याचे हाल बघायचे तर वजनाच्या दिवशी सकाळी जावं. रात्रीपासून उपाशी असलेली पोरं स्वेटरवर स्वेटर चढवून मैदानाला फेऱ्या मारत असतात, थुंकून थुंकून तोंड कोरडं करतात, काट्यावर चढताना श्वास रोखतात, जणू हवेलाही वजन असावं. दहावीतला पोरगा उन्हाळ्यात चार बोटं वाढला, दोन किलोने गेला. पाच वर्षांची ज्येष्ठता काट्यावर संपली. हे मला फार निष्ठुर वाटतं, आणि ते सरांच्या हातातही नसतं. निदान जूनमध्येच एकदा वजन करून "तुझं यंदा जमणार नाही, तू मोठ्या गटाची तयारी कर" एवढं सांगणं तरी त्यांच्या हातात असतं.

आता सचिन. लहान मुलाला घ्या असं म्हणणारा प्रत्येक जण सचिन काढतो, त्याला इलाज नाही. डिसेंबर 1988 मध्ये पंधराव्या वर्षी गुजरातविरुद्ध रणजी पदार्पणात शतक, त्याआधी फेब्रुवारीत हॅरिस शील्डमध्ये विनोद कांबळीबरोबर 664 धावांची अखंड भागीदारी. हे सगळ्यांना पाठ आहे. पण रणजी पदार्पणाच्या आधीच्या मोसमात, 1987-88 मध्ये, तो मुंबईच्या रणजी चमूत होता आणि एकही सामना न खेळता बसून होता, हे कुणी सांगत नाही. आणि मला त्याहून महत्त्वाचा वाटतो तो सचिनने स्वतः अनेकदा सांगितलेला मार खाण्याचा किस्सा. त्याच्या शारदाश्रम शाळेचा मोठ्यांचा संघ वानखेडेवर हॅरिस शील्डची अंतिम लढत खेळत होता. सचिन तेव्हा लहान गटात. रमाकांत आचरेकर सरांनी त्याच्यासाठी दुसरीकडे एक सामना ठरवून ठेवला होता. तो बुडवून हा मोठ्यांसाठी टाळ्या वाजवायला गेला. सरांनी थप्पड लगावली आणि सुनावलं, की दुसऱ्यासाठी टाळ्या वाजवण्यापेक्षा असं खेळ की लोक तुझ्यासाठी वाजवतील.

या गोष्टीतून लोक थप्पड लक्षात ठेवतात. मी तो ठरवून ठेवलेला सामना लक्षात ठेवतो. मोठ्यांच्या संघात जागा नव्हती, म्हणून आचरेकरांनी कुणा मोठ्याला बाजूला सारून या पोराला घुसवलं नाही. त्याला बाकावरही बसवून ठेवलं नाही. त्याला त्याच दिवशी दुसऱ्या मैदानावर फलंदाजी मिळेल याची सोय केली. स्कूटरवर मागे बसवून ते त्याला एका मैदानावरून दुसऱ्या मैदानावर न्यायचे, ते याचसाठी.

कासारवाडीतल्या क्रीडाशिक्षकाला ही सोय नाही, आणि खरी मेख इथेच आहे. महापालिका पातळीवरच्या शालेय स्पर्धा बाद पद्धतीने होतात. हरलात की घरी. जिंकत गेलात तर विभाग, राज्य. पण बहुतेक शाळांचा प्रवास पहिल्या नाहीतर दुसऱ्या सामन्यात संपतो. किशोर गटाचा आणि मुलींचा सामना 15-15 मिनिटांच्या दोन सत्रांचा. म्हणजे जूनपासून सकाळी सहाला उठलेल्या पोराचा वर्षाचा हंगाम तीस मिनिटांचा. मैदानात सात, बाकावर पाच. बाकावरच्याच्या वाट्याला शून्य मिनिटं येण्याची शक्यता भरपूर. इतक्या तुटपुंज्या गोष्टीची वाटणी करायची म्हटल्यावर कुठलाही निकष लावा, अन्याय होणारच. लहान की मोठा हा प्रश्न अवघड आहे तो खेळायला मिळणारी मिनिटं कमी आहेत म्हणून.

त्यात कागदाची भर. राज्यस्तरापर्यंत खेळलं की दहावी-बारावीला सवलतीचे गुण, पुढे सरकारी नोकरीत खेळाडूंसाठी 5 टक्के आरक्षण. योजना चांगल्या हेतूच्या आहेत. पण बाकावर बसणाऱ्यालाही प्रमाणपत्र मिळतं, म्हणून संघ चांगला असेल त्या वर्षी शेवटच्या पाच जागांची किंमत एकदम वाढते. "दहावीची पोरं टाका सर, गुण तरी मिळतील," ही मागणी उघड होते. सर टाकतातही. मी त्यांना दोष देणार नाही. बाकावर बसणारच असेल, तर नववीतल्यापेक्षा दहावीतला बसलेला बरा. नववीतल्याला मात्र त्या दिवशी दुसरीकडे कुठेतरी खेळायला मिळायला हवं.

गंमत म्हणजे, दहावीची पोरं संघात टिकतात का हा आणखी वेगळा प्रश्न. "यंदा दहावी आहे, खेळ बंद," हे वाक्य जूनमध्येच घराघरांत ऐकू येतं. मुलींच्या बाबतीत तर ते नववीतच. आणि मुलींच्या संघात मोठ्या मुलीचं काम केवळ खेळण्याचं नसतं. सामना नेहरूनगरला असो की आणखी लांब, परतायला अंधार होणार म्हटल्यावर सातवी-आठवीतल्या मुलीची आई विचारते, "ताई आहे ना सोबत?" दहावीतली ती ताई बसमध्ये सगळ्यांची मोजदाद करते, पहिल्यांदा पाळी आलेल्या मुलीला बाजूला घेते, घरी फोन लावून देते. तिला केवळ चढाईच्या गुणांवर तोललं आणि संघातून काढलं, तर तिच्यामागून दोन-तीन लहान मुली आपोआप गळतात. मुलींच्या संघात म्हणून मी झुकतं माप मोठीलाच देईन, खेळात ती थोडी कमी असली तरी.

मुलांच्या संघात माझा कौल असा: दोघं जवळपास सारखे असतील, तर दहावीतला. नववीतला स्पष्टपणे सरस असेल, आणि ते सरसपण अंगाचं नसून पायांचं आणि डोक्याचं असेल, तर नववीतला. तेव्हा दहावीतल्याला बोलावून कारण सांगायचं. नोटीस बोर्डावर नाव नाही हे त्याला स्वतः वाचायला लावायचं नाही.

तरुणांवर विश्वास टाकावा असं म्हणणारे पुणेरी पलटणचं उदाहरण देतात. 1 मार्च 2024 रोजी हैदराबादला हरियाणा स्टीलर्सला 28-25 असं हरवून त्यांनी प्रो कबड्डीचं पहिलं विजेतेपद मिळवलं, कर्णधार तेव्हाच्या अहमदनगर, आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यातला अस्लम इनामदार. संघ कोवळाच होता. पण त्यातले बरेच जण युवा पलटण या त्यांच्या तरुणांच्या संघातून एकत्र खेळत वर आलेले होते. त्यांना मोठ्यांच्या जागी अचानक उभं केलं नव्हतं. आधी त्यांना त्यांचे स्वतःचे सामने दिले होते. पैसेवाल्या फ्रँचायझीला जे कळलं, ते करायला शाळेला पैसे लागत नाहीत. चुना, शिट्टी आणि शनिवारची दुपार पुरते. इयत्तावार नको, मिसळून चार संघ करा. प्रत्येकात दहावीतले दोन, सातवीतले दोन. जुलै ते सप्टेंबर साखळी सामने खेळवा. शेजारच्या दोन शाळांना बोलवा. फुगेवाडीहून कासारवाडीला यायला मेट्रोचं एकच स्टेशन लागतं, चालतसुद्धा येता येतं. मग बारा नावं लिहायची वेळ येईल, तेव्हा सरांकडे प्रत्येकाचे आठ-दहा सामने पाहिलेले असतील, आणि ज्याचं नाव नसेल त्याचंही वर्ष वाया गेलेलं नसेल.

पालकांना एक विनंती. निवडीच्या दिवशी शाळेत जाऊन "माझ्या मुलाला का घेतलं नाही" असं विचारू नका. ऑगस्टमध्ये जा आणि विचारा, "यंदा आतापर्यंत तो किती सामने खेळला?" उत्तर 'एकही नाही' असेल, तर तिथे भांडा. त्या भांडणात कायम कामगार असलेला बाप आणि ठेकेदाराकडचा बाप दोघंही एका बाजूला असतील.