आईची मुखत्यारी

फाल्गुन सरत आला की बदलापूर गावातल्या अनेक घरांत एक वाक्य हमखास कानी पडते. नववर्षाच्या स्वागतयात्रेचा विषय निघालेला असतो, नातवंडे फेट्यांचे रंग आणि लेझमीच्या सरावाच्या वेळा ठरवीत असतात, आणि कोपऱ्यातल्या खाटेवर बसलेली आई, आपणही यावे अशी इच्छा जरा चाचरतच बोलून दाखवते तोच, कोणीतरी अत्यंत मायेने म्हणते, “आई, तुला कशाला ती दगदग? टीव्हीवर दाखवतात की सगळं.” या बोलण्यात कठोरपणाचा लवलेशही नसतो, उन्हाची, गर्दीची, रक्तदाब वाढण्याची खरीखुरी धास्ती त्यामागे असते. तरीही, जिने दोन-तीन तपे त्या घराचा सारा कारभार सांभाळला, कोणाचे लग्न कोठे करायचे आणि कोणाच्या शिक्षणासाठी कोणता दागिना मोडायचा याचे निर्णय घेतले, तिच्या हातून खुद्द तिच्याच देहाची मुखत्यारी या एका मायाळू वाक्याने काढून घेतली जाते, आणि बोलणाऱ्याला त्याचे भानही नसते.

चैत्र शुद्ध प्रतिपदेची ही यात्रा तशी अर्वाचीन आहे. आबासाहेब पटवारी यांच्या कल्पनेतून डोंबिवलीच्या श्री गणेश मंदिर संस्थानाने 1999 साली ती प्रथम काढली. तोवर पाडवा हा गुढी, कडुनिंबाचा पाला आणि श्रीखंड यांत, बहुतांशी उंबरठ्याच्या आत, साजरा होणारा सण होता. पुढे ठाणे, गिरगाव, कल्याण, अंबरनाथ, बदलापूर अशी ती गावोगाव पसरली. म्हणजे आज ज्यांनी ऐंशी गाठली आहे ती माणसे तेव्हा ऐन पन्नाशीत होती, आणि आरंभीच्या वर्षांत पालखीला खांदा देणारी, रात्र जागवून रस्त्यावर रांगोळ्या घालणारी, शेजाऱ्यापाजाऱ्यांना दारे ठोठावून बाहेर काढणारी पिढी तीच होती. त्या रस्त्यावर त्यांची जुनी वहिवाट आहे. आपण त्यांना तेथे नेतो तेव्हा उपकार करीत नाही.

या वहिवाटीत खंड पडला तो महामारीने. 2020 चा पाडवा 25 मार्चला आला, आणि तोच देशव्यापी टाळेबंदीचा पहिला दिवस होता. वृद्धांनी घराबाहेर पाऊल टाकू नये हा दंडक तेव्हा आवश्यक होता आणि तो पाळला गेला हे योग्यच झाले. पुढे 2 एप्रिल 2022 रोजी, पाडव्याच्याच मुहूर्तावर, राज्य सरकारने निर्बंध मागे घेतले आणि यात्रा पुन्हा निघाल्या. परंतु सरकारचा हुकूम मागे घेतला गेला तरी कित्येक घरांतला हुकूम कायम राहिला, आणि संकटकाळापुरती घातलेली बंदी वृद्धांच्या बाबतीत सवयीने नित्याची होऊन बसली. हा अन्याय कोणी जाणूनबुजून केलेला नाही, म्हणूनच तो दूर करणे अधिक कठीण आहे.

त्यात आपल्या गावाची घडणही अशी पालटली, की वृद्धाला बाहेर नेणे हे खरोखरीच एक प्रकरण झाले. 2001 च्या खानेसुमारीत कुळगाव-बदलापूरची वस्ती सुमारे 98 हजार होती, 2011 मध्ये ती 1 लाख 74 हजारांवर गेली, आणि तेव्हापासून ती किती फुगली हे सकाळच्या लोकलला उभे राहणारा कोणीही सांगेल. उल्हास नदीच्या काठच्या जुन्या घरांतून ओटीवर बसल्या बसल्या रस्ता दिसत असे. आता कोकणातून वा घाटावरून मुलाकडे राहावयास आलेली आई, लिफ्ट नसलेल्या इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावर राहते आणि महिनोन्‌महिने खाली उतरत नाही. माता-पित्यांच्या निर्वाहासाठी 2007 साली जो कायदा झाला, त्यात निर्वाहाच्या व्याख्येत अन्न, वस्त्र, निवारा आणि औषधोपचार यांची तरतूद आहे. कायद्याने तेवढेच सांगावे हे रास्तच आहे. न्यायाधिकरणापुढे दाद मागून कोणाला पाडव्याची सकाळ मिळवता यावयाची नाही. पण ज्या घरात या चारही गोष्टी यथास्थित पुरवल्या जातात, त्या घरातही आईला वर्षभरात एखादी गोष्ट केवळ आनंदासाठी करावयास मिळाली का, हा प्रश्न शिल्लक राहतोच, आणि त्याचे उत्तर पुत्राला किंवा कन्येला स्वतःपाशीच द्यावे लागते.

गेल्या पाडव्याला माझ्या आईला मी एवढेच विचारले, की तुला कोठे बसावयाचे आहे. व्यासपीठासमोरच्या मांडवात ज्येष्ठांसाठी खुर्च्या होत्या. तिने मात्र रस्त्याच्या वळणावरल्या पिठाच्या गिरणीची पायरी सांगितली. तेथे नऊ वाजेपर्यंत सावली असते, आणि वळणावर यात्रा मंदावते म्हणून येणाऱ्याचे तोंड नीट पाहता येते, असे तिचे म्हणणे. लेझमीच्या मुली आल्या तेव्हा तिची बोटे गुडघ्यावर ठेका धरू लागली, आणि एका मुलीचे पाऊल चुकले ते तिच्या आधी हिने ओळखले. पालखी दिसताच ती उठली, चपला बाजूला सारल्या, आणि माझ्या पुढे केलेल्या हाताकडे न पाहता गिरणीच्या दाराचा आधार घेऊन उभी राहिली. मी हात मागे घेतला. मग गर्दीतून तिच्या वयाची एक बाई वाट काढीत आली, आणि दोघी जणी यात्रेकडे पाठ करून, कोण गेले, कोणाची सून नोकरीला लागली, कोणाच्या गुडघ्याची शस्त्रक्रिया झाली, असे बोलत बसल्या. चित्ररथ यावयाचे होते, उत्तम म्हणून ज्यांची कीर्ती होती ते यावयाचे होते. पण ढोलपथक जवळ येताच आईने पदर कानावर ओढला आणि “चल आता” म्हणाली. आम्ही निघालो. तिला जे पाहावयाचे होते ते तिचे पाहून झाले होते, आणि ते काय होते हे ठरवण्याचा अधिकार यात्रा आखणाऱ्याला नव्हता, मलाही नव्हता.

येथे आवाजाविषयी स्पष्ट बोलले पाहिजे. ध्वनिप्रदूषणाच्या 2000 सालच्या नियमांनी निवासी भागात दिवसा 55 डेसिबलची मर्यादा घातली आहे, आणि ढोल-ताशांच्या पथकापुढे ती क्षणभरही टिकत नाही. तरुणाला त्या नादात जे चैतन्य लाभते ते मला मान्य आहे. पण श्रवणयंत्र लावलेल्या माणसाच्या कानात तोच नाद वेदना होऊन शिरतो, आणि वृद्ध माणसे यात्रेतून लवकर परततात त्यामागे उन्हाइतकेच हेही कारण आहे. इस्पितळाच्या शंभर मीटरांच्या हद्दीत पथकांनी वादन थांबवणे अपेक्षित असते. तसेच चार-सहा ठिकाणी, ज्येष्ठ जेथे बसतात तेथे, नुसती लेझीम आणि टाळ चालू ठेवण्यास कोणाची हरकत असावी?

कोकणात शिमग्याला ग्रामदेवतेची पालखी घरोघर येते. जो अंथरुणाला खिळला आहे त्याच्याही अंगणात ती नाचते, घरची माणसे ओटी भरतात, आणि गाऱ्हाणे घातले जाते त्यात त्या आजाऱ्याचेही नाव असते. देवाच्या भेटीला जाण्याची शक्ती ज्याच्यात उरली नाही त्याच्याकडे देवाने जावे, ही तजवीज आपल्या पूर्वजांनी फार विचाराने केलेली आहे. आपल्या गावात कोकणातून आलेली कुटुंबे थोडी नाहीत, त्यांना हे नव्याने सांगावे लागणार नाही. यंदा मार्ग आखावयाला बसतील त्या मंडळींनी, कोणत्या इमारतीत कोण खाली उतरू शकत नाही याची एक यादी गल्लीगल्लीतून मागवावी, आणि पालखी त्या खिडक्यांखाली थोडी थांबवावी. यात्रा अर्धा तास लांबेल, तेवढी लांबू द्यावी.