बेसावध सावज

गेल्या नाताळात अमेरिकेहून सुटीवर आलेला आमच्या धर्मग्रामातील एक तरुण मिस्सानंतर आम्हांला भेटावयास आला. तिकडे त्याला हरिणाच्या शिकारीचा छंद लागला आहे. नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्याची रजा तो वर्षारंभीच मागून ठेवतो, कारण त्या सुमारास नर माजावर आलेले असतात. एरवी पान हलले तरी कान टवकारणारा हा प्राणी त्या दिवसांत मादीच्या मागावर भर दुपारी उघड्या रानातून धावत सुटतो. खाणेपिणे विसरतो, हाडे दिसू लागेपर्यंत झिजतो, आणि समोर बंदूक घेऊन बसलेला माणूसही त्याच्या ध्यानी येत नाही. "फादर, माझ्याकडे परवाना आहे, मांस आम्ही घरीच खातो. पण मी नेमका तोच आठवडा निवडतो, यात काही वाईट आहे का?" असे त्याने विचारले. बाहेर मंडळी खोळंबली होती. "कायद्यात बसते आणि मांस वाया जात नाही, मग पाप कसले?" असे म्हणून आम्ही त्याच्या पाठीवर थाप मारली आणि त्याला निरोप दिला.

त्या उत्तराने आम्हांला पुढे स्वस्थता लाभली नाही. जूनमध्ये त्र्यंबकेश्वरच्या बाजूस जाणे झाले, तेव्हा तर ते उत्तर अगदीच उथळ वाटू लागले.

त्र्यंबकच्या डोंगरांतून दोन दिशांना पाणी वाहते. गोदावरी ब्रह्मगिरीवरून पूर्वेस निघते ती थेट बंगालच्या उपसागरास मिळते. वैतरणा पश्चिमेस वळते आणि आपल्या अर्नाळ्याजवळ समुद्रात शिरते. पहिला पाऊस कोसळला की वैतरणेच्या खोऱ्यातील ओढ्यांतून मासे प्रवाहाविरुद्ध वर चढू लागतात, अंडी घालण्यासाठी उथळ पाण्यात, भातखाचरांत शिरतात. वसईकर ज्याला वलगण म्हणतात तीच ही. पाड्यावरील माणसे त्या रात्रीची वाटच पाहत असतात. बांबूच्या कामट्यांचे सापळे ओढ्याच्या तोंडाशी लावले जातात, बत्त्या पेटतात, आणि पहाटेपर्यंत टोपल्या भरतात. माशांची पोटे गाभोळीने तट्ट फुगलेली असतात. एका महादेव कोळी म्हाताऱ्याने आम्हांला सांगितले की, त्याचा बाप सापळा ओढ्याच्या एकाच अंगास लावी आणि दुसरे अंग मोकळे ठेवी. आता पोरे या काठापासून त्या काठापर्यंत जाळे ताणतात. हे सांगताना त्याच्या स्वरात तक्रार नव्हती. पाऊस कमी झाला असे सांगावे, तसे त्याने ते सांगितले.

हरिणाची शिकार आपल्या देशात आता कोणी राजरोस करू शकत नाही. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात परवान्याने शिकार करण्यास थोडी वाट होती, तीही १९९१ च्या दुरुस्तीने बंद झाली. पण सावज केव्हा टिपावे हा प्रश्न कायद्याहून फार जुना आहे, आणि तो या भूमीने आपल्या परीने सोडवून पाहिला आहे. त्र्यंबकक्षेत्राची कथाच घ्या. गौतम ऋषींच्या शेतात शिरलेली गाय दर्भाच्या काडीने हाकलताना मेली आणि त्या पापाच्या क्षालनासाठी त्यांनी तप केले, तेव्हा गोदावरी अवतरली, असे तेथील भाविक मानतात. एका जनावराच्या मरणाचा, तोही हेतू नसताना घडलेल्या मरणाचा, एवढा हिशेब जेथे मांडला गेला, तेथे आमचे ते घाईचे उत्तर आम्हांला फारच स्वस्त वाटले.

महाभारताच्या आदिपर्वातील पांडूची कथा तर आमच्या तरुणाच्या प्रश्नाला अगदी भिडते. पांडूने मृगीशी रत असलेल्या मृगावर बाण सोडला. तो मृग म्हणजे किंदम ऋषी होते. पांडू म्हणतो, मृगया हा तर राजांचा धर्म आहे. ऋषी मरता मरता उत्तर देतात ते असे की, तू मृग मारलास याचा दोष मी तुला देत नाही, माझा मीलनाचा क्षण सरेपर्यंत तू थांबला नाहीस, हा तुझा दोष. शिकार मान्य, पण वेळ अमान्य! सेमिनरीत नीतिशास्त्राच्या तासाला कृत्य आणि त्याची परिस्थिती यांतील भेद आम्ही घोकून पाठ केला होता. तो भेद इतक्या नेमकेपणाने आम्हांला कोणत्याही पाठ्यपुस्तकात आढळला नाही.

पवित्र शास्त्रात अनुवादाच्या बाविसाव्या अध्यायात एक लहानशी आज्ञा आहे. वाटेत पक्ष्याचे घरटे आढळले आणि आई पिलांवर किंवा अंड्यांवर बसलेली असली, तर पिले घ्यावीत, पण आईला जाऊ द्यावे. या आज्ञेपुढे जे वचन जोडले आहे, की तुझे कल्याण होईल आणि तू चिरायू होशील, तेच आईबापांचा मान राख या आज्ञेपुढेही आहे. आई पक्षीण हाती का लागते? ती उडू शकत नाही म्हणून नव्हे, तर उडावयास तयार नसते म्हणून. तिचे प्रेमच तिला जागी खिळवून ठेवते, आणि त्या प्रेमाचा आपण फास करू नये एवढेच देव सांगतो. संत थॉमस अक्वायनस यांनी अशा आज्ञांचा विचार करताना म्हटले आहे की, ज्याला प्राण्यांची कणव येते तो माणसांची कणव करण्यास अधिक योग्य होतो.

तरीही आमच्या तरुणाच्या बाजूने बोलावयास हवे. त्याचा पक्ष कमकुवत नाही. अमेरिकेत विसाव्या शतकाच्या आरंभी पांढऱ्या शेपटीची हरिणे काही लाखांवर आली होती. निर्बंध घातले गेले, आणि आज ती कोट्यवधी आहेत. लांडगे बहुतेक भागांतून नाहीसे झाल्याने हरिणांना आवर राहिला नाही. ती रोपटी खाऊन जंगलाची नवी पिढी उगवू देत नाहीत, रस्त्यांवर वाहनांखाली येतात. १९३७ च्या एका कायद्यान्वये शिकारीच्या बंदुका-काडतुसांवरील कर वन्यजीवांसाठीच खर्च होतो. शिवाय एक नर अनेक माद्यांना पुरतो, म्हणून माजाच्या दिवसांत काही नर मारले तरी कळप खुंटत नाही. परिणामांचा तराजू घेतला तर वलगणीची गाभोळी भरलेली मासोळी मारणे हे त्याहून जड भरेल. तिच्याबरोबर हजारो अंडी जातात. पण त्र्यंबकच्या पाड्यावर ज्येष्ठ महिना म्हणजे कणगी रिकामी होण्याचा महिना, आणि आमच्या तरुणाचा फ्रीज बाराही महिने भरलेला! भुकेल्या माणसाचा सापळा आणि हौशी माणसाची रजा यांना एकच माप लावणे आमच्याने होत नाही. आणि दोन्ही काठांना ताणलेले जाळे भुकेने ताणले की बाजाराने, हेही तेथे जाऊन पाहिल्यावाचून सांगता येत नाही.

एक गोष्ट मात्र आमच्या मनात स्पष्ट झाली. हरिणाच्या वाटेवर थांबणे वेगळे, आणि मादीच्या मुताचा वास झाडाला फासून, शिंगावर शिंग आपटून, मादीचा आवाज काढून त्याला बोलावून घेणे वेगळे. पहिल्यात त्याची बेसावधी आपल्याला सापडते, दुसऱ्यात आपण त्याच्या ओढीचे खोटे नाणे पाडतो. आमच्या तरुणाकडे तसल्या बाटल्या आहेत, हे त्यानेच हसत सांगितले होते. आम्हीही तेव्हा हसलो होतो.

वसईच्या वाचकांना सोपारे नवे नाही. तेथे १८८२ मध्ये पंडित भगवानलाल इंद्रजी यांना सम्राट अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडा सापडला. पूर्वीचे राजे मौजेच्या यात्रांना जात आणि त्यांत मृगया करीत, आपण मात्र धर्मयात्रा सुरू केली, हा त्या लेखाचा विषय. आपल्या पूर्वजांच्या बंदरात, व्यापाऱ्यांच्या गजबजाटात हा मजकूर दगडावर कोरलेला होता.

हे सारे लिहीत असताना एका वेगळ्याच शिकारीची आठवण झाली, आणि ती टाळणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. चर्चच्या छपरासाठी वर्गणी मागण्याची वेळ आम्ही वर्षानुवर्षे निवडून ठेवली होती. लग्नाच्या दिवशी वरबाप आनंदात असतो, बाप्तिस्म्याच्या दिवशी आजोबांचा हात सैल असतो, आणि मातीच्या दुसऱ्या दिवशी विधवा काहीच नाकारत नाही. हेतू चांगला होता, पैशाची पावती प्रत्येकाला मिळत होती. तरी ज्या घडीला माणसाचे मन प्रेमाने किंवा दुःखाने उघडे पडते, नेमकी तीच घडी आम्ही साधत होतो. गावातील सावकारही लग्नसराईतच दार ठोठावतो, असे आम्हीच एका रविवारी प्रवचनात सांगितले होते.

त्या तरुणाला आम्ही पत्र लिहिले आहे. शिकार सोड असे त्यात लिहिले नाही. ते सांगण्याचा अधिकार आम्हांला वाटत नाही. नाताळात दिलेले उत्तर घाईचे होते, हे कळवले. बाटल्या टाकून दे असे सांगितले, आणि नोव्हेंबरचा तोच आठवडा का हवा, याचे उत्तर त्याने स्वतःशी खरेपणाने द्यावे अशी विनंती केली. छपराच्या वर्गणीची यादी आता चर्चच्या दाराशी टांगली आहे. ज्याला जेव्हा सवड होईल, तेव्हा त्याने नाव घालावे.