यादीचं ओझं

सप्टेंबर २०२३ मध्ये एक बातमी आली आणि आमच्या गावातल्या फुटबॉल खेळणाऱ्या पोरांनी ती दिवसभर एकमेकांच्या मोबाइलवर फिरवली. भारतीय संघाचे तेव्हाचे प्रशिक्षक इगोर स्टिमाच यांनी जून २०२२ मधल्या आशिया चषक पात्रता सामन्यांच्या वेळी खेळाडूंची नावं एका ज्योतिष्याकडे पाठवली होती, कोणाला कोणता दिवस चांगला आहे ते विचारलं होतं, असं त्या बातमीत म्हटलं होतं. कोलकात्यातले ते तिन्ही सामने आपण जिंकले होते. कंबोडियाला २-०, अफगाणिस्तानला २-१ आणि हाँगकाँगला ४-० असं हरवलं. पोरं हसत होती, मला मात्र हसू आलं नाही.

मी देव मानतो. वसईकडे, नंदाखालच्या बाजूला माझं घर आहे. रविवारी मिस्सा झाल्यावर मुलांना धर्मशिक्षण देतो आणि संध्याकाळी त्यातल्याच काही मुलांना फुटबॉल शिकवतो. स्पर्धेआधी संघाची यादी मलाच लावावी लागते. तेव्हा निवडीच्या वेळी देवाला विचारावं का, आणि विचारलंच तर नेमकं काय विचारावं, हा प्रश्न माझ्यापुढे दर वर्षी येतो. ज्योतिष्याला नावं पाठवणारा प्रशिक्षक आणि ‘देवा, तूच सुचव’ म्हणून यादी लावणारा प्रशिक्षक यांत फरक आहे का? असलाच तर कुठे आहे?

बायबलमध्ये चिठ्ठी टाकून झालेली एक निवड आहे. यहूदा गेल्यावर बारा प्रेषितांमधली एक जागा रिकामी झाली, त्या वेळची ही गोष्ट. प्रेषितांची कृत्ये या पुस्तकाच्या पहिल्याच अध्यायात ती येते. दोन नावं पुढे आली, योसेफ बर्सबा आणि मत्तिया. प्रार्थना झाली, चिठ्ठ्या टाकल्या, मत्तियाचं नाव निघालं. लोक एवढंच लक्षात ठेवतात. पण चिठ्ठी टाकण्याआधी पेत्राने एक अट घातली होती. योहानाच्या बाप्तिस्म्यापासून येशूच्या स्वर्गारोहणापर्यंत जो सतत आमच्याबरोबर राहिला, त्यातलाच माणूस हवा. म्हणजे आधी माणसांनी डोळे उघडे ठेवून वर्षानुवर्षांची हजेरी पाहिली, त्या कसोटीला दोघं सारखेच उतरले, आणि मग माणसाची बुद्धी थकली तिथे देवाला हाक मारली. आपलं काम पुरतं झाल्यावर मागितलेला कौल आणि काम टाळण्यासाठी मागितलेला कौल यांत मला जमीन-अस्मानाचा फरक दिसतो. ग्रह पाहून बाराव्या खेळाडूला अकरावा करणं हे दुसऱ्या प्रकारात मोडतं. आणि खरं सांगायचं तर देवाचं नाव घेऊन तसं केलं, तरी ते दुसऱ्याच प्रकारात मोडतं.

आता ज्याने आपलं काम करायचं ठरवलं, त्याला खेळाडूची खरी ताकद कळणार कशी? घरच्या मैदानावर, ओळखीच्या पोरांत सगळेच चांगले दिसतात. ओहोटीला जवळच्या राजोडीच्या किनाऱ्यावरची रेती कडक होते, तिथे आमची मुलं अशी खेळतात की पाहत राहावं. ताकद कळते ती समोर आपल्याहून बलवान उभा राहतो तेव्हा. मोठ्या स्पर्धेआधी कोणाशी खेळावं हा प्रश्न म्हणून मला निव्वळ डावपेचाचा वाटत नाही. सत्य ऐकायची तयारी आहे का, असा तो प्रश्न आहे.

२०१० साल आठवा. २००८ चा एएफसी चॅलेंज चषक जिंकल्यामुळे भारताला २०११ च्या आशिया चषकात जागा मिळाली होती, १९८४ नंतर प्रथमच. बॉब हॉटन प्रशिक्षक होते. ऑक्टोबरमध्ये पुण्याला बालेवाडीत दोन सामने झाले. व्हिएतनामला आपण ३-१ हरवलं, सुनील छेत्रीने तिन्ही गोल केले. पाच दिवसांनी त्याच मैदानावर येमेनने आपल्याला ६-३ हरवलं. नोव्हेंबरमध्ये संघ आखातात गेला. इराककडून ०-२, कुवेतकडून १-९, संयुक्त अरब अमिरातीकडून ०-५. एक विरुद्ध नऊ! तेव्हा पुष्कळांचं म्हणणं होतं की असले सामने ठेवायचेच कशाला, पोरांचा आत्मविश्वास मोडतो. जानेवारीत दोहामध्ये आशिया चषकात ऑस्ट्रेलियाने चार, बहारीनने पाच आणि दक्षिण कोरियाने चार गोल केले. तीन सामन्यांत तेरा खाल्ले, तीन केले. ऑस्ट्रेलिया पुढे उपविजेता ठरला, कोरिया तिसरा आला. आपला गोलरक्षक सुब्रत पाल याचं नाव त्या स्पर्धेत साऱ्या आशियाने घेतलं. हरलो, पण आपण कुठे उभे आहोत ते कळून हरलो.

याच्या उलटं २०२३ मध्ये झालं. मार्च ते जुलै आपण इंफाळ, भुवनेश्वर आणि बेंगळुरूला खेळलो, तिन्ही स्पर्धा घरच्या आणि तिन्ही चषक आपले. वर्तमानपत्रांतून कौतुकाचा पूर आला. जानेवारी २०२४ मध्ये कतारला आशिया चषकात ऑस्ट्रेलियाकडून ०-२, उझबेकिस्तानकडून ०-३, सीरियाकडून ०-१. तीन सामन्यांत एकही गोल नाही.

या दोन्हींच्या मधलं २०१८ चं वर्ष मला जास्त जवळचं, कारण त्याचा एक तुकडा मी डोळ्यांनी पाहिला. त्या जूनमध्ये अंधेरीच्या मुंबई फुटबॉल अरिनावर चार देशांची स्पर्धा झाली. पहिल्या सामन्यात चायनीज तैपेईला ५-० हरवलं तेव्हा स्टँड ओस पडले होते. छेत्रीने हात जोडून लोकांना मैदानात यायची विनंती केली. आम्ही वसई रोडहून लोकल पकडली, अंधेरीला उतरून मेट्रोने आझाद नगरला गेलो. ४ जूनची ती केनियाविरुद्धची रात्र, छेत्रीचा शंभरावा सामना, धो धो पाऊस, एकही जागा रिकामी नाही, ३-० विजय. पोरं आजही त्या रात्रीबद्दल बोलतात. मी त्यांना ७ जूनची आठवण देतो. न्यूझीलंडने तरुण, नवख्या पोरांचा संघ आणला होता आणि त्याने आपल्याला २-१ हरवलं. त्या स्पर्धेतून संघाला काही शिकायला मिळालं असेल तर ते त्या संध्याकाळी. अंतिम सामन्यात केनियाला पुन्हा हरवून चषक उचलला, पण केनिया पूर्ण ताकदीने आलेला नव्हता हे सगळ्यांना ठाऊक होतं. स्टीफन कॉन्स्टंटाइन यांचा संघ पुढे ऑक्टोबरमध्ये चीनला जाऊन ०-० बरोबरीत राहिला, नोव्हेंबरमध्ये जॉर्डनकडून अम्मानला १-२ हरला, डिसेंबरअखेर ओमानशी ०-० खेळला. हे तिन्ही सामने परक्या मातीवर झाले. आणि ६ जानेवारी २०१९ ला अबू धाबीत आशिया चषकात थायलंडला ४-१ हरवलं! पुढे अमिरातीकडून हरलो. बहारीनविरुद्ध बरोबरी पुरेशी होती, तर भरपाईच्या वेळेत पेनल्टीवर गोल खाल्ला आणि बाहेर पडलो. तरी त्या संघाकडे पाहून मला वाटलं होतं की या मुलांना स्वतःची ताकद आणि स्वतःचं उणं दोन्ही माहीत आहे.

बलवानाशी खेळलं की जिंकतोच, असं मात्र नाही. खालिद जमील यांचा संघ ऑगस्ट-सप्टेंबर २०२५ मध्ये ताजिकिस्तानमध्ये जाऊन इराणशी खेळला, ओमानला पेनल्टीवर हरवून तिसरा आला, आणि ऑक्टोबरमध्ये गोव्यात फातोर्ड्याला सिंगापूरकडून १-२ हरून २०२७ च्या आशिया चषकाला मुकला. ज्यांना कठीण सामन्याचं फळ लगेच पदरात हवं, त्यांनी हे ध्यानात ठेवावं.

इथे धर्मशिक्षणाच्या वर्गातला एक प्रश्न आडवा येतो, आणि तो टाळता येत नाही. सामन्याआधी आमची मुलं रिंगण करून उभी राहतात आणि येशूने शिकवलेली प्रार्थना म्हणतात. त्याच प्रार्थनेत आम्हाला परीक्षेपासून वाचव असं मागणं आहे. एका मुलाने विचारलं, “सर, आपण देवाला म्हणतो परीक्षा नको, आणि तुम्ही सरावाला सगळ्यांत तगडी टीम बोलावता. मग नेमकं काय मागायचं?”

प्रश्न खोल आहे. मी त्याला पेत्राबद्दल सांगितलं. शेवटच्या भोजनाच्या रात्री पेत्र छातीठोकपणे म्हणाला होता की बाकी सगळे पळाले तरी मी पळणार नाही. तो खोटं बोलत नव्हता. त्याला स्वतःची माहितीच नव्हती, कारण तोवर त्याच्यापुढे तसा प्रसंग उभा राहिला नव्हता. पहाट होण्याआधी एका दासीच्या साध्या प्रश्नापुढे तो कोसळला. परीक्षा नको असं प्रामाणिकपणे तोच मागू शकतो ज्याला आपण कुठे मोडतो ते कळलेलं आहे. बाकीचे ते शब्द नुसते पाठ म्हणतात. म्हणून कुंपसार घेण्याआधी, म्हणजे पापांची कबुली देण्याआधी, आपल्याकडे एकांतात बसून आत्मपरीक्षण करायची शिस्त आहे. तिथे कोणी शिक्षा करत नाही, कोणी निकाल लावत नाही, फक्त आपण आपल्याला लपवू शकत नाही. स्पर्धेआधीचा कठीण सामना माझ्या लेखी तसाच आहे. त्यात गेलेले गोल गुणतक्त्यात धरले जात नाहीत. पण ते का गेले हे त्या खेळाडूला आणि निवडणाऱ्याला उमगतं.

यादी लावताना याचा उपयोग कसा होतो ते सांगतो. आमच्याकडे एक बचावपटू होता, उंच, पायात जोर, मनाने सोन्यासारखा. घरी मोगऱ्याची बाग. पहाटे तीनला उठून बापाबरोबर फुलांचे भारे घेऊन दादरला जायचा, परत येऊन कॉलेज आणि संध्याकाळी सराव. शेजारच्या गावाचा संघ आमच्याहून कितीतरी बरा, त्याच्याशी भातकापणीनंतरच्या शेतात सराव सामना ठेवला होता. पहिला अर्धा तास तो भिंतीसारखा उभा राहिला. शेवटच्या दहा मिनिटांत मात्र त्याचा माणूस दोनदा त्याच्या पाठीमागून निघून गेला. मी त्याच्या चेहऱ्याकडे पाहिलं. डोळे उघडे होते, पण चेंडू दिसत नव्हता. कमकुवत संघापुढे हे कधीच दिसलं नसतं. मी त्याला पहिल्या अकरांतून वगळलं.

तो माझ्याकडे आला आणि म्हणाला, “सर, माझं नाव देवाने काढलं की तुम्ही?”

त्याच्या घरी देवाची इच्छा म्हणून पुष्कळ गोष्टी गिळायची सवय होती. तसंच उत्तर देणं सोपं गेलं असतं, त्याचं दुःखही हलकं झालं असतं. मी म्हणालो, “मी काढलं. शेवटच्या दहा मिनिटांत तू थकतोस, कारण तू तीनला उठतोस. यात तुझा दोष नाही, पण मला शेवटची दहा मिनिटंही खेळायची आहेत.” तो काही बोलला नाही. बराच वेळ तिथेच उभा राहिला. मग म्हणाला, दुसऱ्या अर्धात आणा, तेवढा वेळ मी पुरा पळेन. हे माझ्या डोक्यात आलंच नव्हतं. त्या स्पर्धेत तो प्रत्येक सामन्यात मध्यांतरानंतर उतरला.

वगळलेल्यांचा विचार आला की मला बायबलमधली गिदोनाची गोष्ट आठवते. ती नेहमी निवडलेल्यांच्या बाजूने सांगितली जाते. शत्रू मिद्यानी लोक टोळांसारखे पसरलेले, गिदोनाकडे ३२,००० माणसं. देव म्हणतो, जास्त आहेत, जिंकले तर आपल्याच हाताने जिंकलो असा गर्व करतील. घाबरलेल्यांना घरी पाठवलं, २२,००० गेले. उरलेल्या १०,००० मधून पाण्याच्या काठी ३०० निवडले. प्रवचनात या तीनशेंचं कौतुक होतं. मला कायम त्या ९,७०० जणांची काळजी वाटते. ते भित्रे नव्हते, भित्रे आधीच गेले होते. पाणी कसं प्यायले एवढ्यावरून ते परत गेले. अशी निवड करण्याचा अधिकार फक्त देवाला आहे, कारण त्याला युद्धाचा शेवट दिसतो. माझ्यासारख्याने, किंवा दिल्लीत बसून संघ निवडणाऱ्याने, गिदोनाचा दाखला देऊन कारण न सांगता माणूस वगळला, तर तो देवाची जागा घेतो. आणि गोष्ट नीट वाचली तर आणखी एक दिसतं. जाणाऱ्यांनी आपली शिदोरी आणि आपली रणशिंगं मागे ठेवली, त्या रात्री तीनशेंनी तीच फुंकली. शत्रू पळू लागल्यावर पाठलागासाठी इस्राएलच्या बाकीच्या माणसांना पुन्हा बोलावणं गेलं.

राष्ट्रीय संघाच्या शिबिरात पस्तीस-चाळीस जण येतात, तेवीस किंवा सव्वीस जण विमानात चढतात. सरावात छेत्रीला अडवण्यासाठी जे रोज धावले, त्यांची नावं कोणाला आठवतात? योसेफ बर्सबाचंही पुढे बायबलमध्ये कुठे नाव येत नाही. तरी चिठ्ठी निघण्याआधी तो मत्तियाच्या बरोबरीने पात्र होता, आणि चिठ्ठी निघाल्यावरही तितकाच पात्र राहिला.

म्हणून आपल्या धर्मग्रामांत, आळ्यांत, क्लबांत संघ निवडणाऱ्या सगळ्यांना माझी विनंती आहे. नाताळाच्या आणि उन्हाळी सुट्टीतल्या स्पर्धा येतील. त्याआधी आपल्याहून बलवान गावाला सरावाला बोलवा आणि हरलात तरी तो सामना पुरा खेळा. यादी चर्चच्या फलकावर लावण्याआधी जे वगळले त्यांच्या घरी जा, कारण तोंडावर सांगा आणि त्यांचं म्हणणं ऐका. प्रार्थना अवश्य करा, पण यादीखाली सही स्वतःची करा.