आमची हरकत आहे

अकरावी-बारावीच्या मुलांना ‘पर्यावरण शिक्षण व जलसुरक्षा’ हा सक्तीचा विषय असतो. त्याची प्रकल्पवही ठरलेल्या साच्यात येते: प्रस्तावना, उद्दिष्टे, विषयाचे महत्त्व, कार्यपद्धती, निरीक्षणे, विश्लेषण, निष्कर्ष. या वह्या मी हौसेनं चाळत आलो आहे. प्रस्तावनेत मानव आणि निसर्ग यांचं अतूट नातं, निष्कर्षात ‘काळाची गरज’, आणि मधल्या निरीक्षणांच्या पानावर पाणी फेसाळ दिसलं, काठावर प्लास्टिक दिसलं, दुर्गंधी आली. नदी कुठली, घाट कुठला, वार कुठला, फेस कोणत्या नाल्यातून येत होता, यातलं अक्षर नाही. असणार तरी कसं? कॉलेजसमोरच्या झेरॉक्सवाल्याकडे मागच्या वर्षीची एक चांगल्या अक्षरातली वही जपून ठेवलेली असते. तीच नदी मिरजेत वाहते आणि तीच मालेगावात.

कॉपी केली म्हणून पोरांना झोडपणं सोपं आहे. पण थोरामोठ्यांच्या वह्याही एकदा बघाव्यात. पंधरा-वीस वर्षांपूर्वी रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका बॉक्साइट खाणीसाठी पर्यावरणीय परिणामांचा अहवाल तयार झाला. तो करणारी सल्लागार कंपनी नामांकित होती. पुढे उघडकीस आलं की त्यातला बराच मजकूर रशियातल्या एका बॉक्साइट खाणीच्या अहवालातून उचललेला आहे. इतका जसाच्या तसा, की आसपासचे पक्षी स्प्रूस आणि बर्चच्या जंगलांत राहतात, असंही त्यात राहून गेलं होतं. कोकणात बर्च! त्या गावच्या शाळेतल्या सातवीच्या पोराला विचारलं असतं तर त्यानं ऐन, किंजळ, काजू, फणस जागेवर नेऊन दाखवले असते. त्याला कुणी विचारलं नाही, कारण अहवालात त्याच्यासाठी रकाना नव्हता.

मुलांना आपल्या परिसराचं कळत नाही, असं मला वाटत नाही. कुठल्या विहिरीचं पाणी कधीपासून पिवळं झालं, कुठल्या रात्री वास येतो, ओढ्यात आता खेकडे का मिळत नाहीत, हे त्यांना आपल्यापेक्षा जास्त ठाऊक असतं, कारण ती तिथे पायी हिंडतात. आपण मात्र त्यांच्याकडून मोघम बोलणं मागतो. ‘झाडे लावा, झाडे जगवा’ म्हणणाऱ्या मुलीला बक्षीस मिळतं. ‘आपल्या शाळेमागचं वडाचं झाड कुणाच्या परवानगीनं तोडलं?’ असं तिनं विचारलं की घरी निरोप जातो. शाळेत पर्यावरण शिकवा असं सर्वोच्च न्यायालयानं १९९१ साली सांगितलं, ते आपण पाळलं. शिकलेल्या मुलानं मग बोलायचं कुणाशी, याचा विचार करायचं राहून गेलं.

दिवाळीचंच घ्या. अंधश्रद्धा निर्मूलन समितीच्या फटाकेमुक्त दिवाळीच्या मोहिमेत गेली कित्येक वर्षं शाळाशाळांतून मुलं संकल्पपत्रं भरतात, वाचलेल्या पैशांची पुस्तकं घेतात. मोहीम चांगली आहे आणि घराघरांत तिचा परिणाम झालेला मी पाहिला आहे. नातीनं डोळे वटारले म्हणून लवंगी माळ परत करणारे आजोबा मला माहीत आहेत. २०१५ साली तर फटाक्यांविरुद्ध थेट सर्वोच्च न्यायालयात अर्ज झाला तो दिल्लीतल्या तीन तान्ह्या मुलांच्या नावानं, वयं सहा महिने ते चौदा महिने. अर्थात वकिली आईबापांची. त्याच प्रकरणात २०१८ च्या ऑक्टोबरमध्ये कमी प्रदूषणाचे फटाके आणि रात्री आठ ते दहा ही वेळ ठरली. ती कितपत पाळली जाते ते वाचकांच्या कानांना ठाऊक आहेच. पण मुलांचं बोलणं आपल्याला सहज पचतं ते इथवरच. पोरानं घरातल्यांना सुधारावं, आजोबांना दटावावं, स्वतःच्या खाऊच्या पैशांचा त्याग करावा. ज्याच्या हातात सही आहे, शिक्का आहे किंवा धुराडं आहे, त्याच्याकडे तोंड वळलं की हेच बोलणं आगाऊपणा ठरतं.

आणि मोठ्यांना तरी कुठे मुभा आहे? माधव गाडगीळ यांच्या अध्यक्षतेखालच्या पश्चिम घाट तज्ज्ञ गटाचा अहवाल २०११ साली आला. त्यात लोटे परशुरामच्या रासायनिक औद्योगिक वसाहतीवर पानंच्या पानं आहेत: दाभोळच्या खाडीत जाणारं सांडपाणी, घटलेली मासळी, भोई समाजाचा गेलेला धंदा. त्यातला एक आकडा मला विसरता येत नाही. ऑगस्ट २००७ ते ऑक्टोबर २००९ या काळात रत्नागिरी जिल्ह्यात १९१ दिवस जमावबंदी होती. प्रदूषणाविरुद्ध लोक शांतपणे एकत्र येत होते, ते येऊ नयेत म्हणून पोलीस कायद्यातलं कलम वापरलं गेलं, असं खुद्द सरकारनंच नेमलेला गट लिहून गेला. त्या दोन वर्षांत खाडीकाठची जी मुलं दहावी-बारावीला होती, त्यांनी नागरिकशास्त्राच्या पेपरात सभास्वातंत्र्यावर टीप लिहिली असेल.

मुंबईतल्या आरेची गोष्ट सगळ्यांना माहीत आहे असं आपण धरून चालतो. पण लक्षात राहतात ते झाडांना मिठी मारणाऱ्या मुलींचे फोटो. त्याच्या कितीतरी आधी, तिथे होऊ घातलेल्या मेट्रोच्या कारशेडचं नावही फारसं कुणी ऐकलं नव्हतं तेव्हा, काही तरुण निसर्गअभ्यासक रात्री-बेरात्री बॅटऱ्या घेऊन आरेत दगड उलथत हिंडत होते. त्यांनी तिथले कोळी, विंचू, सरडे, पाली नोंदवल्या. विंचवाच्या एका नव्या जातीला आरेचंच नाव मिळालं, ‘आरेएन्सिस’. पुढे ‘आरे हे जंगलच नाही’ असं सरकार न्यायालयात सांगू लागलं, तेव्हा त्या याद्या पुढे ठेवता आल्या. आरेतल्या आदिवासी पाड्यांवरची वारली पोरंही बोलू लागली, आणि त्यांचं बोलणं सगळ्यांत थेट होतं: हे जंगल नसेल तर बिबट्या आमच्या दाराशी काय गिरगावातून येतो का, अशा चालीचं.

तरीही झाडं गेली. ४ ऑक्टोबर २०१९ ला उच्च न्यायालयानं झाडतोडीविरुद्धच्या याचिका फेटाळल्या आणि त्याच संध्याकाळी करवती चालू झाल्या. २,१८५ झाडं तोडायची परवानगी होती. रात्रीतून जमलेल्यांपैकी २९ जणांना अटक झाली, त्यांत विद्यार्थीही होते. विधी शाखेच्या विद्यार्थ्यांनी सरन्यायाधीशांना पत्र पाठवलं. तेच पत्र याचिका समजून सर्वोच्च न्यायालयानं सुट्टीत विशेष पीठ बसवलं आणि दसऱ्याच्या आदल्या दिवशी तोड थांबवली. तोवर २,१४१ झाडं आडवी झाली होती. आज आरेत कारशेड आहे, आणि भुयारी मेट्रोनं मी स्वतः गारेगार प्रवास केला आहे. चांगली गाडी आहे, उगाच नाकं मुरडण्यात अर्थ नाही. मात्र २०२० मध्ये आरेतली ८१२ एकर जमीन राखीव वन करायचं ठरलं, ते या आरडाओरड्याशिवाय ठरलं असतं असं मला कुणी पटवून देऊ शकणार नाही. हार की जीत, असा हिशेब अशा प्रकरणांत जुळत नाही. ‘हे जंगलच नाही’ म्हणणाऱ्या सरकारला कागदावर ‘वन’ लिहावं लागलं, हे मला २,१४१ च्या आकड्याइतकंच महत्त्वाचं वाटतं. झाडं गेल्याचं दुःख त्यानं कमी होत नाही, तो भाग वेगळा.

गोव्यात मोलेच्या जंगलाच्या बचावाचं काम अधिक पद्धतशीर झालं. २०२० च्या एप्रिलमध्ये, देश घरात कोंडलेला असताना, राष्ट्रीय वन्यजीव मंडळाच्या स्थायी समितीनं व्हिडिओवरून बैठक घेतली. भगवान महावीर अभयारण्य आणि मोले राष्ट्रीय उद्यानाच्या परिसरातून तीन प्रकल्प जायचे होते: रेल्वेचा दुसरा रूळ, महामार्गाचं चौपदरीकरण, उच्च दाबाची वीजवाहिनी. विरोधाला उभे राहिले ते तरुण संशोधक, वकील, वास्तुविशारद, चित्रकार. ज्याला जे येतं ते त्यानं करायचं. कुणी अहवालातल्या चुका शोधल्या, कुणी मोलेतले प्राणी, फुलपाखरं आणि झाडं भिंतींवर आणि मोबाइलच्या पडद्यावर रंगवली. १ नोव्हेंबरच्या रात्री चांदरला हजारो लोक रुळांपाशी जमले. पुढे सर्वोच्च न्यायालयाच्या केंद्रीय अधिकारप्राप्त समितीनं रेल्वेच्या दुपदरीकरणाविरुद्ध शिफारस केली आणि ९ मे २०२२ ला न्यायालयानं त्याची वन्यजीव मंजुरी रद्द केली. चांदरची रात्र नसती तर प्रकरणाकडे कुणी बघितलं नसतं हे खरं, पण समितीपुढे चांदरच्या घोषणा चालणार नव्हत्या. तिथे कुठल्या किलोमीटरला काय तोडलं जाणार हे सांगावं लागलं.

२०२० सालीच केंद्राच्या नव्या पर्यावरण अधिसूचनेच्या मसुद्यावर लाखो हरकती गेल्या. मंत्र्यांच्या मेलपेटीत एकाच विषयाचे ढीगभर मेल आले, अशी तक्रार झाली आणि तरुणांच्या एका गटाच्या संकेतस्थळाविरुद्ध दिल्ली पोलिसांची नोटीस निघाली, तीही दहशतवादविरोधी कायद्याखाली. नंतर ते कलम चुकून लागलं असा खुलासा करून नोटीस मागे घेतली गेली. सरकारनंच सूचना मागवल्या होत्या, सूचना आल्या, आणि त्या फार आल्या हा गुन्हा! सरकारची बाजू घ्यायचीच झाली तर एवढंच म्हणेन की एकच मजकूर लाख जणांनी पाठवला तर टेबलामागचा कारकून तो एकदाच वाचतो. झेरॉक्सची सवय आंदोलनांनाही लागते.

आणि हरकत घेणं ही काही दुर्मिळ विद्या नाही. शहरात झाड तोडायचं तर १९७५ च्या कायद्यानं वर्तमानपत्रात जाहिरात द्यावी लागते आणि त्या झाडावरही नोटीस लावावी लागते. बुंध्याला खिळ्यानं ठोकलेला, पावसात शाई ओघळलेला तो कागद आपण ‘क्लासेस’ची जाहिरात समजून ओलांडतो. मोठ्या प्रकल्पाच्या जनसुनावणीची सूचना किमान तीस दिवस आधी निघते; ती टेंडर नोटिसांच्या गर्दीत, गट क्रमांकांच्या भाषेत छापलेली असते. सुनावणीला जिल्हाधिकारी किंवा त्यांचा प्रतिनिधी अध्यक्ष असतो, प्रदूषण नियंत्रण मंडळ इतिवृत्त लिहितं, चित्रीकरण होतं, शेवटी ते इतिवृत्त लोकांच्या भाषेत वाचून दाखवायचं असतं. हजर असलेल्या प्रत्येकाला प्रश्न विचारायची मुभा केंद्राच्या २००६ च्या पर्यावरण अधिसूचनेत आहे. वयाची अट मला तरी तिथे दिसली नाही. गोम अशी की प्रकल्पाच्या पर्यावरणीय अहवालाचा फक्त सारांश मराठीत मिळतो, बाकी शेकडो पानं इंग्रजीत. गावात ती पानं वाचू शकणारं माणूस बहुधा बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला असतं आणि सुनावणीच्या दिवशी त्याचं प्रॅक्टिकल असतं. दहावीच्या मराठीच्या पेपरात मागणीपत्र, विनंतीपत्र, अभिनंदनपत्र लिहायला येतं. हरकतीचं पत्र आलेलं मी अजून पाहिलं नाही.

२००२ च्या जैवविविधता कायद्यानं प्रत्येक ग्रामपंचायतीत जैवविविधता समिती आणि लोकांनी केलेली नोंदवही आणली. हे काम गावोगावच्या शाळा-कॉलेजांनी करावं, असं गाडगीळ वर्षानुवर्षं सांगत राहिले. घडलं असं की नोंदवह्या रखडल्या, हरित न्यायाधिकरणानं जानेवारी २०२० अखेरची मुदत आणि दंडाची तंबी दिली, आणि मग अनेक ठिकाणी त्या घाईघाईनं कंत्राटावर भरून घेतल्या गेल्या. झेरॉक्सवाल्याचं दुकान पुन्हा चाललं. याउलट गडचिरोलीतल्या मेंढा-लेखा गावात अभ्यासगटाची जुनी पद्धत आहे: प्रश्न आला की आधी बसून त्याचा अभ्यास करायचा, कायदा वाचायचा, मग ग्रामसभेत सर्वांच्या संमतीनं ठरवायचं. २००९ साली सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर या गावाला सामूहिक हक्क मिळाला, त्यात या बैठकांचा वाटा मोठा होता. तिथे तरुणांसाठी वेगळं व्यासपीठ मांडावं लागलं नाही. ते सतरंजीवर बाकीच्यांबरोबरच बसले.

तर प्रकल्पवहीचं करायचं काय? निरीक्षणांच्या पानाला गुण द्यायचे असतील तर तारीख, ठिकाण आणि तिथे भेटलेल्या माणसाचं म्हणणं असल्याशिवाय देऊ नयेत. वहीची एक प्रत ग्रामपंचायतीत किंवा वॉर्ड ऑफिसात नेऊन द्यावी आणि दुसरीवर आवक क्रमांकाचा शिक्का घेऊन यावं. त्या शिक्क्याला पाच गुण. अडचण मला दिसते. वहीवर मार्गदर्शक शिक्षकांची सही लागते, आणि वहीत एखाद्या कंपनीचं नाव आलं की ती सही अडते, कारण संस्थेच्या नव्या इमारतीत देणगीदारांच्या यादीत तेच नाव संगमरवरात कोरलेलं असतं. शिवाय एका शिक्षकाच्या वाट्याला शे-दीडशे वह्या. शिक्षण मंडळाकडून हे होईल अशी माझी अपेक्षा नाही. रिटायरमेंटला दोन वर्षं राहिलेल्या एखाद्या प्राचार्यबाईंनी मनावर घेतलं तर मात्र येत्या जूनपासून सुरू करता येईल. त्याला शासन निर्णय लागत नाही.