आकसून उरेल एवढं

कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीतलं फौंड्रीचं काम जवळून पाहिलं की एक गोष्ट मनात घर करते. वस्तूच्या नमुन्याभोवती, म्हणजे पॅटर्नभोवती, वाळू ठासून साचा करतात, त्यात लोखंडाचा रस ओततात आणि तो गोठला की साचा फोडून कास्टिंग बाहेर काढतात. फुटलेली वाळू मळून पुन्हा नव्या साच्याला लावतात. पॅटर्न मात्र हव्या त्या मापापेक्षा मुद्दाम जरा मोठा केलेला असतो, कारण थंड होताना लोखंड आकसतं.

जुन्या बँडची मैफल ऐकताना मला हे वाढीव माप आठवतं. फ्लोरिडातल्या जॅक्सनव्हिलचा ‘लिनर्ड स्किनर्ड’ हा ब्लूज आणि कंट्रीच्या मातीतून उगवलेल्या सदर्न रॉकचा मानाचा बँड. २० ऑक्टोबर १९७७ला त्यांचं विमान कोसळलं. त्यात गायक रॉनी व्हॅन झँट, गिटारवादक स्टीव्ह गेन्स आणि त्याची गायिका बहीण कॅसी गेले. दहा वर्षांनी बँड पुन्हा उभा राहिला, तेव्हा रॉनीच्या जागी त्याचा धाकटा भाऊ जॉनी आला. त्या दौऱ्यात ‘फ्री बर्ड’ हे बँडचं गाणं मात्र त्याने गायलं नाही. बँडने नुसतं वाजवलं, शब्द श्रोत्यांनी म्हटले. २०२३मध्ये गॅरी रॉसिंग्टन हा शेवटचा संस्थापक वादकही गेला. बँड थांबला नाही.

मग हा तोच बँड म्हणायचा का?

कोल्हापूरच्या मातीने या प्रश्नाचं उत्तर फार पूर्वी दिलं आहे. इथले दरबारगायक अल्लादिया खाँसाहेब यांचा आवाज उमेदीतच बिघडला होता. हाती उरलेल्या आवाजातून त्यांनी नवी गायकी घडवली. त्यांचे पुत्र मंजी खाँ १९३७मध्ये वडिलांच्या आधी गेले आणि मंजी खाँचे शिष्य मल्लिकार्जुन मन्सूर यांची तालीम अर्ध्यावर राहिली. ती मंजी खाँच्या धाकट्या भावाने, भुर्जी खाँसाहेबांनी पुढे चालवली. कागलवरून जाणारा महामार्ग धारवाडला पोचतो, तशी ती गायकी मन्सूरांच्या गळ्यातून धारवाडला पोचली. मन्सूर हुबेहूब गुरूसारखे गायले म्हणून मोठे झाले नाहीत. घराण्याची शिस्त त्यांनी आपल्या श्वासात मुरवली.

नाव चालवणं वेगळं आणि गाणं चालवणं वेगळं. नावावर तिकिटं खपतात, पण कालचंच कास्टिंग रंगवून पुढे ठेवलं तर ऐकणाऱ्याला ते थंड लागतं. ज्याची साचा फोडायची आणि रस पुन्हा तापवायची तयारी आहे, त्याच्याच हातात परंपरा जिवंत राहते. मूळ माणसं मंचावर आहेत की नाहीत, हा प्रश्न त्यानंतरचा.

एका पिढीकडून दुसरीकडे जाताना काहीतरी आकसणारच. म्हणून देणाऱ्याने गरजेपेक्षा जास्त द्यावं लागतं. एकेका रागावर वर्षानुवर्षं घासून घेणारे आपले उस्ताद तेच करत होते. फौंड्रीत वाळूची ओल मोजायला आता यंत्र आहे, तरी मुरलेला मोल्डर नव्या पोराला वाळू मुठीत दाबून पाहायला लावतो. आजच्या पाळीपुरतं यंत्र पुरतं. मुठीतली ती जाण मात्र पुढच्यासाठी असते, कारण ती थोडी आकसली तरी काम चालावं एवढी उरायला हवी.