बघ्या

आग लागली की माणसं बघायला धावतात. दुसऱ्या दिवशी पेपरात छापून येतं, बघ्यांच्या गर्दीमुळे बंबांना वाट मिळाली नाही. मग एखादा पांढरपेशा चहाचा घोट घेत म्हणतो, संवेदना मेल्यात हो लोकांच्या, मोबाईल काढून उभे राहतात. हे म्हणणारा स्वतः तीच आग टीव्हीवर बघत असतो. घरात बसून बघितली की तो प्रेक्षक. रस्त्यावर उभं राहून बघितली की बघ्या. भाषेतसुद्धा वरच्या माळ्याचे आणि तळमजल्याचे शब्द वेगळे.

मला पडलेला प्रश्न साधा आहे. ज्याच्या हातात बादली नाही, शिडी नाही, ज्याच्या शब्दाला किंमत नाही, असा माणूस आगीपुढं उभा राहतो तेव्हा तो नेमकं काय करत असतो? त्याच्यावर काही देणं येतं का? आणि आलं तर ते फेडायचं कुठं?

२२ ऑक्टोबर २०२१. शुक्रवार. करी रोडच्या साठ मजली टॉवरला एकोणिसाव्या मजल्यावर आग लागली. दुपार व्हायची होती. मी रात्रपाळी करून येऊन झोपलो होतो. गिरणी २०२० च्या मार्चात लॉकडाऊनला बंद झाली ती झालीच, तेव्हापासून मी भिवंडीला मागावर जातो. गलका झाला म्हणून गॅलरीत आलो, तिथून खाली, तिथून पुलाकडं. अख्खा मोहल्ला मान वर करून उभा. काळा धूर भिंतीला धरून वर वर चाललेला. आमच्या चाळीतले तात्या शेजारी होते. ८२ च्या संपातले. १८ जानेवारी १९८२ ला अडीच लाख कामगार बाहेर पडले, त्यातले एक. ते परत आत गेलेच नाहीत. तात्या धुराकडं बघून म्हणाले, "जळू दे की. लई उंच गेल्ते."

दोन-चार जण हसले.

हे हसू मला झाकायचं नाही. आमच्याबद्दल लिहिताना लोक आमचं दुःख लिहितात, हसू गाळतात. ते हसू होतं. त्या टॉवरच्या जागेशी तात्यांचं काही देणंघेणं नव्हतं, पण त्यांच्या लेखी सगळे टॉवर एकच. जिथं भोंगा होता तिथं काचा आल्या. २००१ साली गिरण्यांच्या जमिनीचा नियम बदलला आणि मोकळ्या जागेचे, स्वस्त घरांचे वाटे कापूस पिंजल्यासारखे उडून गेले. २००६ ला सुप्रीम कोर्टानं त्यावर शिक्का मारला. ज्याचं आयुष्य असं उडालं त्यानं काचेला लागलेल्या आगीकडं बघून गहिवरावं, असा हुकूम कुणी काढावा? मी तरी काढणार नाही. राग खरा आहे. पण राग खरा असला म्हणून त्याचा पत्ता बरोबर असतो असं नाही. त्याचं उत्तर तिथंच मिळालं.

एक माणूस बाल्कनीच्या कडेला दिसला. धुरातून बाहेर आला आणि कठडा धरून लोंबकळला. खालून तो बोटाएवढा दिसत होता. आणि हेच तात्या, दोन मिनिटांपूर्वी जळू दे म्हणणारे, घशाच्या शिरा ताणून ओरडले, "धर रं! सोडू नको! घट्ट धर!" एकोणिसाव्या मजल्यावर आवाज पोचत नाही हे तात्यांना कळत नव्हतं असं नाही. सगळी गर्दी ओरडत होती.

त्याचे हात सुटले.

केईएमला नेला, गेला होता. संध्याकाळपर्यंत कळलं, तो घरमालक नव्हता, भाडेकरू नव्हता. सुरक्षा रक्षक होता. आग लागल्याचं कळल्यावर बघायला वर गेला होता आणि अडकला. साठ मजल्यांतली एक फरशी त्याच्या मालकीची नाही, आणि मेला तो. तात्या त्या दिवशी जेवले नाहीत. मी त्यांना काही विचारलं नाही.

आता विचार करा. राग जमिनीचा होता, नियमाचा होता, मालकाचा होता. आग त्यातल्या कुणाचंच ऐकत नाही. ती माणसाची पट्टी बघत नाही, हे म्हणायला सोपं आहे आणि ते अर्धंच खरं आहे. ज्वाळा पट्टी बघत नाही, पण ज्वाळेपुढं कुणाला धाडायचं हे पगारपत्रक बघून ठरलेलं असतं. रखवालदार, लिफ्टमन, जवान. त्यामुळं टॉवर जळाला म्हणून मालकवर्ग जळाला असं समजणारा माणूस हिशेबात चुकतो. भावनेत तो चुकतो की नाही हा नंतरचा प्रश्न.

थोडं धंद्याचं बोलतो. आज टॉवरच्या छताला पाण्याच्या ज्या तोट्या असतात, स्प्रिंकलर म्हणतात, त्या एकोणिसाव्या शतकात सगळ्यात आधी पसरल्या त्या कापडगिरण्यांत. ब्लोरूममध्ये कापसातून एखादा लोखंडाचा तुकडा आला, ठिणगी उडाली, की धूळ भुरर्‌दिशी पेटते. ज्यानं हे बघितलंय त्याला आग हा शब्द समजावून सांगावा लागत नाही. पण तोट्या कशासाठी बसवल्या? विमा कंपन्या हप्ता कमी करायच्या म्हणून. वाचवायचा होता कापूस आणि साचा. माणूस त्यांच्यासोबत वाचला. आजच्या तोटीत काचेची बारीक नळी असते, साधारण ६८ अंशाला फुटते आणि पाणी सुटतं. तिला कुणाची दया येत नाही आणि कुणाचा रागही येत नाही. टाकीत पाणी हवं, पंप चालू हवा, एवढंच तिचं मागणं.

आणि शिडी. मुंबईच्या अग्निशमन दलाकडं ९० मीटरपर्यंत जाणारी शिडी आहे. म्हणजे तीसेक मजले, तेही खाली गाडी उभी करायला जागा असली तर. साठ मजल्यांच्या इमारतीत वरच्या तीस मजल्यांना शिडी नाही. त्यांचा जीव त्या तोट्यांवर, जिन्यावर आणि अधेमधे मोकळ्या सोडलेल्या आसऱ्याच्या मजल्यावर. जिथं शिडी पोचत नाही तिथं माणूस राहायला पाठवायचा असं या शहरानं ठरवलं. कुणाला विचारून ठरवलं? आम्हाला तर नाहीच, वर राहणाऱ्यांनाही विचारलेलं दिसत नाही. आगीत माणूस बहुतेक वेळा ज्वाळेनं मरत नाही, धुरानं मरतो. जिना म्हणजे आयतं धुरांडं. गोरेगावला ६ ऑक्टोबर २०२३ च्या पहाटे पुनर्वसनाच्या सात मजली इमारतीत खाली पार्किंगमध्ये आग लागली आणि वर झोपलेली माणसं धुरानं गेली. कमला मिलच्या आवारात २९ डिसेंबर २०१७ च्या रात्री चौदा माणसं गेली, त्यातली कितीतरी संडास-बाथरूममध्ये गुदमरलेली. एक झोपडपट्टीतून उचलून उभी केलेली इमारत, दुसरी गिरणीच्या छाताडावरची हॉटेलं. धूर तोच.

तर तात्यांच्या ओरडण्याकडं परत येतो. ते ओरडणं मला फार मोठं वाटतं. वर्ग, जमीन, संप, सगळं डोक्यात यायच्या आधी ते घशातून आलं. कुणी शिकवलेलं नव्हतं. आमचे आजोबा सांगायचे, गावात आग लागली की तेवढ्यापुरतं कुणी विचारत नसे पाणी कुणाच्या हातचं. आग विझली की विचारत. म्हणजे ते ओरडणं, ते पाणी देणं, खरंच असतं. पण ते आगीएवढंच टिकतं. तेवढ्यावर विसंबून माणुसकी जिवंत आहे अशी कविता लिहिणाऱ्यांना माझा रामराम.

त्या संध्याकाळी तो व्हिडिओ माझ्या मोबाईलवर तीन ग्रुपमधून आला. एकात खाली गाणं लावलेलं. एकदा पडलेला माणूस दिवसभर पडत राहिला. त्याच्या गावी, घरीही कुणाच्या तरी मोबाईलवर तो पडला असेल. तरीही व्हिडिओ काढणारा प्रत्येक जण हलकट, असं मी म्हणणार नाही. कधीकधी तोच एक पुरावा राहतो. फरक काढण्यात नाही, पुढं त्याचं काय केलं यात आहे.

आपल्याकडं वेदान्तात एक साक्षी सांगतात. सगळं बघतो, कशानंच लिप्त होत नाही, अलिप्त तोच श्रेष्ठ. हा साक्षी मला फार सोयीचा वाटतो. पुलावर उभं राहावं, वर माणूस लोंबकळतोय, आणि आपण आत्म्यासारखं कोरडं. बुद्धानं गयेजवळ अग्निपूजक जटाधाऱ्यांपुढं उपदेश केला तो याच्या उलट आहे. सगळं पेटलेलं आहे असं तो म्हणतो तेव्हा बघणाऱ्याला आगीबाहेर ठेवत नाही. डोळाही पेटलेल्यातच धरतो. मी पंडित नाही. पण करी रोडच्या पुलावर मला ते कळलं. बघणारा आगीबाहेर नसतो. कशानं पेटलेत आपले डोळे, लोभानं, द्वेषानं, की मोहानं, एवढं तरी ज्यानं त्यानं तपासावं. मोहात मी मोबाईल धरतो.

साक्षी वेगळा आणि साक्षीदार वेगळा. साक्षीदाराला जाऊन बोलावं लागतं. आणि इथं खरी मेख आहे, कारण कुणाचं बोलणं ऐकायचं हे आधीच ठरलेलं असतं. लंडनचा ग्रेनफेल टॉवर. चोवीस मजले, श्रीमंत वस्तीत गरिबांसाठी कौन्सिलनं बांधलेला. तिथल्या रहिवाशांनी नोव्हेंबर २०१६ ला लिहून ठेवलं होतं की मोठा घात झाल्याशिवाय आमचं कुणी ऐकणार नाही. १४ जून २०१७ ला एका फ्रिजपासून लागलेली आग बाहेरच्या आवरणाला लागली. अॅल्युमिनियमचे पत्रे, आत प्लास्टिक. इमारत उबदार राहावी आणि बरी दिसावी म्हणून बसवलेले. ७२ माणसं गेली. आत अडकलेल्यांना कितीतरी वेळ सांगत होते, घरातच थांबा. चौकशीचा शेवटचा अहवाल सप्टेंबर २०२४ ला आला. मधल्या सात वर्षांत शेजारचे लोक दर महिन्याच्या १४ तारखेला मुक्यानं चालत राहिले. घोषणा नाही, भाषण नाही. त्यातले बरेचसे त्या रात्री खाली उभे राहून बघणारेच होते.

आणि आपल्याकडं किळवेणमणी. २५ डिसेंबर १९६८, तामिळनाडू. एका झोपडीत ४४ दलित जाळले, बहुतेक बायका-पोरं. बघणारे होते, त्यांनी कोर्टात सांगितलंही. १९७३ ला मद्रास हायकोर्टानं जमीनदारांना सोडलं. एवढे मोठे जमीनमालक स्वतः चालत जाऊन आग लावतील हे न्यायमूर्तींना पटलं नाही. म्हणजे डोळ्यांनी बघितलेलं खोटं आणि मालकाची ऐपत खरी. बघ्याला संवेदना नाही म्हणणाऱ्यांनी हे वाचावं. आमच्या बघण्याला साक्ष म्हणून किंमतच द्यायची नाही आणि वर बघ्या म्हणून हिणवायचं, हे दोन्ही कसं चालेल?

आता आमचीही चाळ पडली. आम्हाला पुनर्विकासाच्या इमारतीत तेविसावा मजला मिळालाय. तात्या अकराव्यावर. लई उंच गेलेत, म्हणून मी त्यांना चिडवतो. जिन्यात सायकली, जुनी कपाटं, एका दारापुढं गॅसची टाकी. होजची पेटी आहे, पण तिला कुलूप. राज्याचा आगीबद्दलचा २००६ चा कायदा आहे. त्याप्रमाणे इमारतीची आगीची यंत्रणा चालू असल्याचा दाखला दर जानेवारीत आणि जुलैत परवानाधारक माणसाकडून घेऊन द्यावा लागतो. मालकानं किंवा राहणाऱ्यानं, कायद्यात दोघंही आहेत. म्हणजे आता आम्हीही आहोत.

मी सोसायटीच्या ऑफिसात जाऊन तो कागद बघायला मागितला. सेक्रेटरी म्हणाले, "तुला काय करायचंय? आग लागलीय का कुठं?" मी म्हणालो, लागायच्या आधी बघायचाय. सोमवारी या म्हणाले. सोमवारी माझी पहिली पाळी आहे. तात्यांना सांगितलंय, ते जाणार आहेत, आणि दुपारी मी.