कावळा आणि शिंगे

आमच्या वाड्यात महिन्यातून चार दिवस माझी थोरली आत्या मागल्या पडवीत कांबळ्यावर एकटी बसून राही, आणि तिला बिलगावयास धावणाऱ्या मला आजी दंडाला धरून मागे ओढीत सांगे, की तिला शिवू नकोस, तिला कावळा शिवला आहे. त्या वाक्यातील कावळा मी संपूर्ण प्रामाणिकपणे खरा मानला होता. परसातील शेवग्यावर जमणाऱ्या कावळ्यांपैकी अपराधी कोणता, याचा मी दोन दिवस कसून तपास केला आणि संशयितांपैकी एकास खडा मारून जायबंदी करण्याचाही प्रयत्न केला. पडवीतून हे पाहणाऱ्या आत्याने तोंडाला पदर लावून हसू का दाबले, हे मात्र मला पुढे कित्येक वर्षे उमगले नाही.

विस्मृतीत गेलेला हा कावळा परत आला, तो एका अमेरिकी मालिकेच्या निमित्ताने. निक क्रोल आणि अँड्र्यू गोल्डबर्ग हे दोन बालमित्र आणि मार्क लेव्हिन व जेनिफर फ्लॅकेट हे दांपत्य, अशा चौघांनी मिळून रचलेली ‘बिग माउथ’ ही विनोदी ॲनिमेशन मालिका सप्टेंबर २०१७ पासून मे २०२५ पर्यंत, आठ पर्वांत, नेटफ्लिक्सवर चालली. न्यूयॉर्कच्या उपनगरांतील एका शाळेत सातवीत शिकणारी मुले-मुली हे तिचे नायक. त्यांतील दोघांना तर कर्त्यांनी आपलीच नावे देऊन टाकली आहेत. मालिका मुलांविषयी असली तरी मुलांसाठी नाही, हे आरंभीच सांगितलेले बरे. तिच्या भाषेला ग्राम्य म्हणावे, तर तो ग्रामस्थांवर अन्याय होईल.

पहिले दोन भाग मी कपाळाला आठ्या घालून पाहिले, हे कबूल करतो. तिसऱ्यापासून मात्र एक गोष्ट ध्यानात येऊ लागली, की या अचकट-विचकट बोलण्याच्या तळाशी एक चांगली विचारपूर्वक उभारलेली कल्पनासृष्टी आहे. अँड्र्यूच्या मानगुटीवर मॉरी नावाचा एक केसाळ, शिंगाळ राक्षस बसलेला आहे; तो भर वर्गात, जेवणाच्या मेजावर, प्रसंगी स्मशानशांततेतही प्रकट होतो आणि त्या बिचाऱ्या पोराच्या कानात नको ते सांगतो. वयात येऊ लागलेल्या उर्मट पोराला शिंगे फुटली, असे आपण सहज म्हणून जातो. या मंडळींनी ती शिंगे पोराच्या डोक्यावरून उचलून एका वेगळ्याच प्राण्याच्या डोक्यावर बसविली, आणि त्यामुळे पोरगा निर्दोष ठरला नाही तरी निदान एकटा उरला नाही.

पुढे तर असे निघते, की हे राक्षस म्हणजे स्वैर भटकणारी पिशाच्चे नसून एका रीतसर खात्याचे नोकर आहेत. त्या खात्याला कचेरी आहे, दप्तर आहे, बदल्या आणि तैनाती आहेत. दुसऱ्या पर्वाच्या शेवटी मुले थेट त्या कचेरीतच जाऊन धडकतात. निकच्या वाट्याला टायलर नावाचा अगदी कच्चा उमेदवार येतो, रिक नावाचा जराजर्जर बुवाही येतो, आणि सरतेशेवटी कॉनी ही राक्षसीण, जिला माया रूडॉल्फ हिने असा काही दाणेदार आवाज दिला आहे, की त्यासाठी तिला मिळालेल्या एमी पारितोषिकांविषयी कोणी फिर्याद करू नये. मला ही कचेरीची कल्पना नुसत्या थट्टेच्या पलीकडची वाटते. तेराव्या वर्षी देहात जे घडते, ते मुलाला आपले वाटतच नाही. कोठून तरी हुकूम सुटला आहे, अंमलदार बदलला आहे, नव्या अंमलदाराची भाषा समजत नाही आणि कैफियत मांडावी तर ती कोणाकडे, हेही ठाऊक नाही, अशीच त्याची अवस्था असते.

हे सारे चित्रांतच शक्य होते, हेही उघड आहे. खऱ्या मुलांकडून हे प्रसंग वठविणे हा अत्याचार झाला असता. इथे मुले रेषांची आहेत आणि त्यांचे आवाज मोठ्या माणसांचे आहेत. म्हणजे आपण ऐकतो ती वस्तुतः एका प्रौढाची आठवण असते, आणि या वयाविषयी हसता येते तेही बहुधा आठवणीतच.

आता कावळ्याकडे वळतो. पहिल्याच पर्वात शाळेची सहल स्वातंत्र्यदेवतेच्या पुतळ्याला जाते, आणि नेमक्या त्या दिवशी, पांढरी तोकडी विजार घातलेल्या जेसी नावाच्या मुलीला प्रथम ऋतू प्राप्त होतो. तेव्हा तो प्रचंड पुतळाच तिच्याशी फ्रेंच धाटणीने बोलू लागतो आणि धीर देण्याऐवजी स्त्रीजन्माचे रडगाणे गातो. मागाहून कॉनी येते, आणि ती मात्र मुक्कामालाच राहते. आमचा कावळा शिवून उडून जाई. त्याची योजनाच मुळी प्रश्न तिथल्या तिथे मिटविण्यासाठी झालेली होती. त्याच्याशी बोलता येत नसे, आणि त्याच्याविषयी बोलणे ही तर अशक्यकोटीतली गोष्ट होती.

दुसऱ्या पर्वात जो मांत्रिक येतो, त्याने मला अधिक विचारात पाडले. हा फिकट, किडकिडीत, सुसंस्कृत उच्चारांचा गृहस्थ म्हणजे मूर्तिमंत लाज. डेव्हिड थ्यूलिस या नटाने त्याला आवाज दिला आहे. आपल्याकडे सप्तशतीने लज्जेला देवीच्या रूपांत गणून नमस्कार केला, आणि तिकडे तीच लज्जा रात्री उशाशी येऊन मुलांचा छळ करणारा मांत्रिक झाली! हा भेद केवळ संस्कृतींचा आहे असे मला वाटत नाही. मराठीने लाज, शरम, भीड, संकोच असे शब्द वेगवेगळे राखले, ते उगाच नव्हेत: जी लज्जा माणूस आपण होऊन बाळगतो ती देवी, आणि जी दुसऱ्याच्या नजरेतून अंगावर येते ती मांत्रिक, असा काहीसा तो हिशेब आहे.

या मांत्रिकाशी आपल्याकडेही एकजण झुंजला होता. १९२७ ते १९५३ अशी सव्वीस वर्षे लैंगिक शिक्षणाचे ‘समाजस्वास्थ्य’ मासिक एकाकी चालविणाऱ्या र. धों. कर्व्यांवर अश्लीलतेचे खटले झाले. १९३४ साली तर डॉ. आंबेडकरांनी त्यांचे वकीलपत्र घेतले होते. कर्व्यांची श्रद्धा अशी, की लाज ही अज्ञानाची संतती आहे, माहिती दिली की ती नाहीशी होईल. त्यांच्या धैर्यापुढे मी नतमस्तक आहे. परंतु ‘बिग माउथ’मधील मुलांना माहितीची वाण नाही, सगळे त्यांना तोंडपाठ आहे, तरीही मांत्रिक येतोच. त्याचे बळ अज्ञानात नसून एकटेपणात आहे. शाळेच्या व्यायामशाळेत मुक्कामाला राहिलेल्या मुलांना एका रात्री शोध लागतो, की हा आपल्या एकट्याच्या नव्हे, सर्वांच्याच उशाशी येतो. आणि तेवढ्यानेच त्याचा जोर ओसरू लागतो. या एका प्रसंगासाठी मी मालिकेच्या पुष्कळशा वाह्यातपणाला माफी देऊन टाकली. उरलेल्याला नाही, निव्वळ किळस आणण्यात तिने जितके श्रम खर्चिले, त्यांच्या निम्म्यात काम भागले असते.

मुलग्यांना आमच्याकडे कावळासुद्धा नव्हता. मुलीचे वयात येणे साऱ्या वाड्याला कळे आणि तिला कोणी समजावीत नसे. मुलग्याचे तर कोणाला कळतही नसे. चौदाव्या वर्षी माझा आवाज फुटला, तेव्हा पाहुण्यांसमोर तोंड उघडावयाचे नाही असा मी निश्चयच केला, आणि एका दुपारी बैठकीत पाणी नेऊन दिल्यावर, नाव विचारणाऱ्या गृहस्थांना उत्तर न देता मी मागल्या पडवीत पळालो आणि भिंतीकडे तोंड करून बसलो. आत्या तांदूळ निवडीत होती. तिने सुपातून मान वर केली, मला नीट न्याहाळले आणि विचारले, “काय रे, तुला कोण शिवलं?” आणि पुन्हा तोंडाला पदर लावला.